फाईल बंद न करण्याबाबत

मी सर्वांत जास्त कोणाचा ऋणी आहे असं विचारलं, तर लोकांना वाटतं मी आईचं नाव घेईन, नाहीतर थोरल्या बहिणीचं, अक्काचं. दोघींचे उपकार आहेतच. आईने केळीच्या बागांत मजुरी करून मला शिकवलं. अक्काने सातवीतून शाळा सोडली आणि तिची दप्तराची पिशवी माझ्या खांद्याला आली. पण आज मी धुळ्याच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात फळ्यासमोर उभा राहून रसायनशास्त्र शिकवतो, ते ज्यांच्यामुळे, त्या आहेत दवाखान्यातल्या समुपदेशक मॅडम. नात्याच्या नाहीत, गावच्या नाहीत. आणि मी त्यांच्याकडे गेलो तेव्हा मला त्यांच्याकडून काडीचीही अपेक्षा नव्हती. ही गोष्ट नीट सांगायची असं मी बरेच दिवस ठरवत होतो.

आमचं गाव असोदा. गल्लीत पदवीपर्यंत पोचलेला मी पहिलाच. पण पदवीच्या खूप आधी, अकरावीत असल्यापासून, गल्लीचे अर्ज माझ्याकडे येऊ लागले होते. रेशनकार्डात सुनेचं नाव चढवायचं आहे, म्हातारीची पेन्शन अडकली आहे, एस्टी फाट्यावर थांबत नाही. माणसं आमच्या ओट्यावर येऊन बसायची. कोणी शिव्या देत सांगायचं, कोणी रडत. मी ते सगळं ऐकून ‘महोदय, वरील विषयास अनुसरून विनंती करतो की’ यात बसवायचो. गल्लीला नळ नव्हता, त्याचे तीन अर्ज मीच लिहिले. अर्जाच्या नेहमी दोन प्रती करायच्या, एक द्यायची आणि दुसरीवर सहीशिक्क्याची पोच घ्यायची, हे मी तेव्हाच शिकलो. साहेबासमोर आमच्या कोणाच्याच तोंडातून शब्द फुटत नसे. माझ्याही नाही. पण कागदावर आम्ही सरळ उभे राहायचो.

पुढे शिक्षण संपलं आणि धुळ्याला तासिका तत्त्वावर शिकवू लागलो. खोली घेतली, मेसचा डबा लावला. तीन वर्षं बरी गेली. चौथ्या वर्षी श्रावणाच्या सुमारास एकदा अकरावीला मोल संकल्पना शिकवताना मी मध्येच थांबलो. पुढचं वाक्य आठवत नव्हतं असं नाही. आठवत होतं. ते बोलायचं कशासाठी, हे कळेना. खडू हातात तसाच. मागच्या बाकावरून आवाज आला, “सर हँग झाले.” वर्ग हसला. मीही हसलो आणि तास सोडून स्टाफरूममध्ये येऊन बसलो.

त्यानंतर असं वारंवार होऊ लागलं. मग मी जाणंच बंद केलं. सकाळी जाग यायची, पण उठायला कारण सापडायचं नाही. मरावंसं वाटत होतं असं नाही. फक्त उद्याचा दिवस माझ्याशिवाय उजाडला तरी चालेल असं वाटायचं. घरी फोनवर मात्र रोज सांगायचो, “सगळं ठीक.”

प्राचार्यांनी बोलावून घेतलं. माणूस कडक, पण मनाने चांगला. म्हणाले, “दिवाळीच्या सुट्टीपर्यंत तुमचे तास मी दुसऱ्यांकडे देतो. तब्येत दाखवा. सुट्टीनंतर पहिल्या दिवशी तुम्ही मला वर्गात दिसला पाहिजेत. नाही दिसलात, तर मला दुसरा माणूस बघावा लागेल. राग मानू नका.”

राग कसला मानणार? त्यांनी दुसरा माणूस बघावा असं मलाच वाटत होतं. पण असोद्याच्या ओट्यावर आई अजूनही सांगत होती, “माझा पोरगा कॉलेजात सर आहे.” ते वाक्य मला तिच्या तोंडून काढून घ्यायचं नव्हतं. एवढ्या एका गोष्टीसाठी मी दवाखान्यात गेलो. जळगावला गेलो असतो तर गावचं कोणी ना कोणी भेटलं असतं आणि संध्याकाळच्या आत आईला कळलं असतं. म्हणून धुळ्यातच.

डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या आणि सांगितलं, “गोळ्या मध्येच सोडू नका, आणि दर गुरुवारी मॅडमशी बोला.”

मॅडमच्या खोलीबाहेर एक बाक होता. आत जाण्याआधी शिपाईबाई एक छोटा कागद द्यायच्या. त्यावर दोनच प्रश्न. गेला आठवडा कसा गेला? इथे येऊन फायदा होईल असं किती वाटतं? दोन्हींपुढे शून्य ते दहा यांतला एक आकडा लिहायचा. पहिल्या गुरुवारी मी दुसऱ्या प्रश्नापुढे शून्य लिहिलं.

मॅडम पन्नाशीच्या, सुती साडी, चष्मा कपाळावर. कागद पाहून म्हणाल्या, “शून्य? मग आलात कशाला?”

“डॉक्टरांनी सांगितलं म्हणून.”

“बरं केलंत. आज्ञाधारक दिसता.” त्या हसल्या. मग म्हणाल्या, “एक विचारू? ताप आला की तोंडाला चव असते?”

“नाही.”

“तेव्हा पुढ्यातली भाकरी चांगली की वाईट, सांगता येईल?”

“नाही.”

“तरी घरचे म्हणतात, दोन घास खा. चव नंतर येते. तुमचं हे शून्य तापातल्या जिभेने लिहिलंय. मला ते चालतं. फायदा होईल असं वाटलं नाही तरी चालेल, फक्त या. आणि शून्य वाटलं तर शून्यच लिहा.”

आज मला ही गोष्ट लख्ख कळते. तेव्हा कानाआड गेली. मला वाटायचं, बोलून बरी होणारी माणसं वेगळी. त्यांच्याकडे काही कारण असतं, कोणी गेलेलं असतं, कोणी फसवलेलं असतं. माझ्याकडे कारणच नव्हतं. मग मॅडम दुरुस्त काय करणार? त्या मायेने बोलल्या की वाटायचं, यांना मी अजून कळलेलो नाही. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं की वाटायचं, आता कळलो. बाहेर बसलेल्या प्रत्येकाला उपचार लागू पडेल, मला नाही, याची मला खात्री होती. बाकी कशाचीच खात्री राहिली नव्हती, पण याची होती. आजाराने माझी सगळी ताकद काढून घेतली होती आणि ती सगळी या एका खात्रीत ओतली होती.

आणि मग मी एक चूक केली. ती बहुधा माझ्यासारखाच माणूस करतो.

आमच्यासाठी कोणी हात हलवला, तर त्याचं चीज करून दाखवायचं, असं आमच्या घरात चालत आलेलं आहे. मास्तरांनी जादा तास घेतला तर पास व्हायचंच. कोणी शिफारस केली तर तिथे मान खाली घालून राबायचं. मॅडम दर गुरुवारी पाऊण तास माझं ऐकून घेत होत्या. एवढ्या मोठ्या बाईंसमोर परत शून्य कसं ठेवायचं? ते मला कृतघ्नपणाचं वाटलं. दुसऱ्या गुरुवारी मी दोन्ही प्रश्नांपुढे तीन लिहिलं. तिसऱ्या गुरुवारी पाच. पुढे सहा, सात. आत गेल्यावर चेहराही तसाच करायचो. त्यांनी विचारलं, “जेवण?” की “होतं.” “झोप?” की “येते.” त्यांनी उलटसुलट विचारलं तरी मी सापडलो नाही. तोंडी परीक्षेत मला नेहमीच चांगले गुण मिळायचे. त्यांचा यात काहीही दोष नाही.

बाकावर माझ्या आधीच्या वेळेला एक आबा असायचे. साक्रीकडचे शेतकरी, डोक्याला टोपी, हातात कापडी पिशवी. बायको गेल्यापासून त्यांचं जेवणखाण सुटलं होतं. पहिल्याच दिवशी मला म्हणाले, “माले वाटनं सलाईन लावतीन. आठे तं सुई नही, काही नही. हाई बाई नुसती बोलस.”

“मग तुम्ही का येता, आबा?” मी विचारलं.

“पंच्याहत्तरी व्हयनी मनी. एस्टीले तिकीट लागत नही. घर बशीसन काय करू?”

ते आत गेले की दार नीट लागायचं नाही आणि त्यांचा आवाज बाहेर यायचा. “बाई, काहीच फरक नही. मागला आठवडा बठ्ठा वाया गया.” मॅडमचं हसू ऐकू यायचं, “बरं, वाया कसा गेला ते तरी सांगा.” मला बाहेर बसून लाज वाटायची. वाटायचं, काय हे आबा, त्या एवढं करतात आणि यांना दोन चांगले शब्द बोलता येत नाहीत. आबांच्या कागदावर शिपाईबाई दर वेळी शून्य लिहायच्या, आणि आबा दर वेळी यायचे.

सहाव्या गुरुवारी माझा सातचा आकडा पाहून मॅडम खूश झाल्या. म्हणाल्या, “छान सुधारणा आहे. पुढच्या गुरुवारी आपण समारोप करू. तुमची फाईल बंद करते. बाहेर वाट बघणारे पुष्कळ आहेत, ही वेळ दुसऱ्या कोणाला देता येईल. गरज पडली तर या पुन्हा.”

मी उभा राहिलो, हात जोडले, “तुमचे फार उपकार झाले,” म्हणालो आणि बाहेर आलो. बसस्टँडपर्यंत चालत गेलो आणि तिथे एका कठड्यावर बसून राहिलो. दिवाळीला तीन आठवडे होते. मला वर्गात उभं राहता येणार नव्हतं हे मला माहीत होतं, आणि जिथे ते सांगता आलं असतं तो दरवाजा मी स्वतःच्या हाताने ओढून घेतला होता. त्यातही मनातून आवाज येत होता, बघ, फायदा होणार नव्हताच.

रविवारी अक्का आली. ती सावद्याला दिलेली. केळीचा माल भरण्याच्या शेडमध्ये काम करते. तिथून धुळे म्हणजे एस्टीने अर्धा दिवस. मी फोन उचलत नव्हतो म्हणून ती न सांगता आली होती. मी दार उघडलं तेव्हा ती माझ्याकडे बघत नव्हती. दाराशी ठेवलेल्या मेसच्या तीन डब्यांकडे बघत होती. एक उचलून हलवला. भरलेला.

“मॅडम काय म्हन्त्या?” तिने आत येत विचारलं. दवाखान्याचं फक्त तिलाच माहीत होतं.

“बरा झालो म्हन्त्या.” तिच्याशी बोलताना मी गावचाच होतो. “येत्या गुरुवारी शेवटचं.”

“असं का! मंग हे बऱ्या मानसाचे डबे हायेत का रे भो?”

तिने पिशवीतून कळण्याची भाकरी आणि वांग्याचं भरीत काढलं, ताट माझ्यासमोर ठेवलं आणि भिंतीला टेकून बसली.

“तू त्या बाईले काय सांगत व्हता?”

“बरं हाये म्हनून.”

“काबरं?”

“त्या एवढं ऐकून घेतात, अक्का. दर टायमाले शून्य लिहू का? त्याहिले काय वाटंन?”

अक्का हसायला लागली. “म्हन्जे बाईले बरं वाटावं म्हनून तू तठी जातू? आरे, मंग पेशंट कोन हाये तुमच्यातला?”

मलाही हसू आलं. कित्येक आठवड्यांनी आलेलं खरं हसू. आणि ते मध्येच मोडलं. मी ताटाकडे बघत रडलो. ती जागची हलली नाही. थोड्या वेळाने म्हणाली, “जाय आन् खरं सांग.”

“आत गेलो का तोंडातून बरंच निंघतं. नाही जमत मले.”

“मंग अर्ज कर.”

“कशाचा अर्ज?”

“गल्लीभरचे अर्ज कोनं लिहले? तूच ना? मंग एक तुह्या लिही.”

“काही फायदा होनार नाही, अक्का.”

यावर ती चिडली. “नळाचा अर्ज केला व्हता, तवा पानी येईन असं कोनाले वाटे? तुले वाटे का? मले वाटे का? मायनं तं अंगठा लावता लावता म्हनलं व्हतं, काही येत नाही नळ. तरी लावला ना अंगठा? तीन बार लावला. आता मायच्या वट्यापुढंच तोटी हाये.” मग ताट माझ्याकडे सरकवून, “खाय. आन् मंग लिही. मी बसली हाये अठी.”

मी चार घास खाल्ले. चव लागली नाही. मॅडमची तापाची गोष्ट मला तेव्हा, तो घास चावताना, कळली. चव नाही म्हणून भाकरी खोटी ठरत नव्हती. आबा आठवले. मी त्यांना अडाणी समजत होतो आणि ते माझ्यापेक्षा शहाणे पेशंट होते. त्यांना फायदा होईल असं वाटत नव्हतं, आणि त्यांनी ते लपवलंही नव्हतं, येणं सोडलंही नव्हतं. मी तेवढंच करायचं ठरवलं. आशा आणायची नाही, कारण ती माझ्याजवळ नव्हती. फक्त खरं लिहायचं आणि जायचं.

त्या दुपारी मी कोऱ्या कागदावर उजव्या कोपऱ्यात स्वतःचं नाव लिहिलं आणि तिथेच अडलो. पण ‘विषय’ लिहिलं आणि दोन टिंबं दिली, तसा हात ओळखीच्या रस्त्याला लागला. अक्काने वाचून घेतलं. “बराबर हाये,” म्हणाली, आणि संध्याकाळच्या गाडीने परत गेली. सोमवारी तिला शेडवर जायचं होतं.

गुरुवारी मी आत गेलो आणि बसलोच नाही. दोन कागद पुढे केले. मॅडमनी चष्मा कपाळावरून खाली घेतला, पूर्ण अर्ज वाचला आणि पुन्हा पहिल्यापासून वाचला. त्या रागावतील असं मला वाटत होतं. त्यांनी एवढंच विचारलं, “दुसरा कागद कसला?”

“स्थळप्रत. पोच पाहिजे होती, मॅडम.”

त्या गंभीरपणे पेन काढून ‘मिळाला’ असं लिहून सही करू लागल्या, पण सही अर्धी झाल्यावर त्यांना हसू आवरेना. मलाही. मग त्या म्हणाल्या, “बसा आता. मला वाटलं होतं आज संपवायचं. आज सुरू करायचं आहे.”

सगळं लगेच ठीक झालं असं मी लिहिणार नाही. तसं झालं नाही. राहिलेले दिवस आम्ही एकाच कामाला लावले: दिवाळीनंतरचा पहिला तास. मॅडमनी मला त्यांच्या खोलीतल्या भिंतीसमोर उभं करून मोल संकल्पना शिकवायला लावली. मी अडलो की त्या म्हणायच्या, “अडा. वर्गातही अडाल. मग काय कराल?” मी एक वाक्य ठरवलं: “थांबा जरा, परत सांगतो.” सुट्टीनंतर पहिल्या दिवशी मी वर्गात गेलो. सकाळी स्वतःलाच विचारलं तर आकडा शून्य होता. वीस मिनिटं शिकवलं, दोनदा अडलो, दोनदा ते वाक्य म्हणालो. प्राचार्य व्हरांड्यातून गेले, आत डोकावले आणि पुढे निघून गेले.

गुरुवार पुढच्या उन्हाळ्यापर्यंत चालले. आकडा हळूहळू वर आला, कधी परत खाली गेला. आता गोळ्या डॉक्टरांनी थांबवल्या आहेत. तरी एखादा आठवडा अजूनही शून्याचा येतो, आणि त्या आठवड्यातही मला वाटतं की आता काही उपयोग नाही. फरक एवढाच की असं वाटणं म्हणजे काय, हे मला आता माहीत आहे. तशा दिवशी मी मॅडमना फोन करतो. त्या विचारतात, “किती?” मी खरं सांगतो.

त्या अर्जाची स्थळप्रत माझ्या पदवीच्या प्रमाणपत्रांच्या फाईलमध्ये आहे. खाली मॅडमची अर्धी वेडीवाकडी सही. नाव सोडून बाकी मजकूर असा:

प्रति,
मा. समुपदेशक मॅडम यांस

विषय : माझी फाईल बंद न करण्याबाबत.

महोदया,

वरील विषयास अनुसरून विनंतीपूर्वक कळवतो की, मी गेले सहा गुरुवार आपल्याकडे येत आहे. आपण येत्या गुरुवारी माझी फाईल बंद करणार आहात. ती कृपया बंद करू नये, कारण मी कागदावर लिहिलेले आकडे खोटे आहेत.

पहिल्या गुरुवारचे शून्य खरे होते. दुसऱ्या गुरुवारी तीन लिहिले, खरे शून्य होते. तिसऱ्या गुरुवारी पाच लिहिले, खरे शून्य होते. चौथ्या गुरुवारी पुन्हा पाच लिहिले, खरे एक होते. त्या दिवशी आपण विचारले होते की, वर्गात उभे राहिल्यावर आधी पाय जड होतात की जीभ. ते मला आजवर कोणी विचारले नव्हते. तो एक मी आपल्याला सांगायला हवा होता, पण पाचामध्ये तो दिसेनासा झाला. पाचव्या गुरुवारी सहा आणि सहाव्या गुरुवारी सात लिहिले. दोन्ही वेळी खरे शून्य होते.

मी जेवत नाही. डबे दाराशी पडून असतात. झोप पहाटे मोडते. दिवाळीनंतर मला वर्गात उभे राहता येणार नाही अशी भीती आहे, आणि माझी आई मी शिकवतो असे सर्वांना सांगते.

आकडे खोटे लिहिण्याचे कारण असे की, आपण माझ्यासाठी एवढे कष्ट घेत असताना शून्य लिहिणे मला बरे वाटले नाही. आपल्याला वाईट वाटेल असे वाटले. त्याबद्दल क्षमा असावी. त्यामुळे ज्या कोणाला माझी वेळ मिळणार होती, त्यांची गैरसोय होईल, त्याबद्दलही क्षमा असावी.

आपल्याकडे येऊन मला फायदा होईल असे मला आजही वाटत नाही. हे आपल्याला दुखावण्यासाठी लिहीत नाही. आपण खरे लिहा म्हणाला होतात, म्हणून लिहीत आहे. आजचा आकडा शून्य आहे. तरी मी या गुरुवारी येणार आहे, आणि पुढच्या गुरुवारीही, आपण परवानगी दिल्यास.

तरी माझ्या अर्जाचा सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा, ही विनंती.

आपला नम्र अर्जदार
(गुरुवार, सकाळी अकराची वेळ)